नकाशाचा पहिला धडा आणि त्याची भाषा

प्राथमिक इयत्तांच्या क्रमिक पुस्तकांकडे वाङ्मयीन दृष्टीने पाहण्याचा प्रघात आपल्याकडे नाही. त्यांतील कवितांची चर्चा क्वचित होते. भूगोलाचा धडा म्हणजे मात्र निव्वळ माहिती, तिथे भाषेचा प्रश्न तो कसला, अशी सार्वत्रिक समजूत आहे. नकाशावाचनाचा पहिला धडा अनेक वर्षे शिकविल्यावर माझे मत नेमके उलट झाले आहे. तो धडा फसतो तो माहितीच्या उणिवेने नव्हे, एका शब्दाने. तो शब्द म्हणजे 'वर'.

भिंतीवर नकाशा टांगावयाचा आणि सांगावयाचे की, वरची बाजू उत्तर, खालची दक्षिण, उजवीकडे पूर्व, डावीकडे पश्चिम. मुले हे पाठ करतात व परीक्षेत गुणही मिळवितात. परंतु मराठीत 'वर' आणि 'खाली' हे मुळी चढउताराचे शब्द आहेत. नदीचा उगमाकडील भाग तो वरचा, मुखाकडील तो खालचा. येथे कोसाडला माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेक मुलांची मूळ घरे खानदेशात आहेत. मुलताईस उगम पावलेली तापी जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून उकाईच्या धरणात येते व पुढे सुरतेला, हे त्यांना पुस्तकाआधी सुटीतल्या आगगाडीने शिकविलेले असते. "तापी कोठून येते?" असे विचारताच एक मुलगा म्हणाला, "वरून." नकाशावर दाखव म्हटले, तर त्याने बोट ठेवले ते थेट राजस्थानात! वर्ग हसला, मला हसू आले नाही. भाषा त्याच्या बाजूची होती, धडा नव्हता.

हा घोटाळा निरुपद्रवी नाही. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत शहराचा फार मोठा भाग बुडाला. अशा गावातील मुलाला सखल भाग कोणता आणि उंच कोणता, हे कळणे अगत्याचे आहे. कागदाची खालची कड म्हणजे सखल जमीन असे ज्याच्या मनात बसले, त्याच्या हाती आपण नकाशा दिला नाही, नुसता भ्रम दिला.

यावर उपाय परदेशी शिक्षणशास्त्रात शोधण्यापूर्वी आपल्याच जुन्या गद्याकडे पाहावे, असे मला वाटते. चौदाव्या शतकातील 'स्थानपोथी' हा महानुभाव ग्रंथ अभ्यासकांना परिचित आहे. श्रीचक्रधर जेथे जेथे राहिले त्या स्थानांची ती नोंद. (परंपरेनुसार चक्रधर मूळचे भडोचचे, कोसाडवरून उत्तरेकडे जाणारा लोहमार्ग नर्मदा ओलांडून त्याच भडोचला जातो. मराठी शिक्षकाला इतका अभिमान क्षम्य मानावा.) देऊळ गावाच्या कोणत्या अंगास, त्याचे दार कोणत्या दिशेला, त्याच्या आसपास काय आहे, एवढेच ती सांगते. वर्णनाचा सोस नाही, विशेषणांची आरास नाही. भाविकांइतकाच तिचा उपयोग यादवकालीन स्थळे शोधणाऱ्या संशोधकांनाही झाला आहे. तिचे वाक्य चालणाऱ्या माणसाचे आहे: कोठे उभे आहोत, तोंड कोणीकडे आहे, हे आधी ठरते आणि मग दिशा येते. आपल्या धड्यात दिशा आधी येते आणि उभा राहणारा कोणीच नसतो.

म्हणून मी प्रथम नकाशा भिंतीवरून उतरवून जमिनीवर, उत्तरेकडे उत्तर करून, पसरतो. तसे करताच उत्तर 'वर' राहत नाही. ती समोरच्या भिंतीपलीकडे जाते. नंतर मुलांकडून शाळेपासून घरापर्यंतची 'स्थानपोथी' तोंडी वदवून घेतो. दिशा त्यांच्याच शब्दांत चालतात: उगवतीकडे, मावळतीकडे. आवास वसाहतीतील इमारती एकसारख्या. त्यामुळे खुणा निवडताना मुलांची कसोटी लागते. रंग सांगून भागत नाही. कडुलिंबाकडे तोंड असलेला जिना, गिरणीच्या पाठीमागचा नळ, अशी वाक्ये येतात आणि ती मला निबंधांतील वाक्यांपेक्षा सरस वाटतात.

तथापि स्थानपोथीला मर्यादा आहे, व ती लपविण्यात अर्थ नाही. ती त्या वाटेने येणाऱ्यासाठी लिहिलेली आहे. जो कधीच येणार नाही त्यालाही गाव एका दृष्टिक्षेपात दिसावे, हे सामर्थ्य तिच्यात नाही. ते नकाशाचे. मुले पहिल्यांदा रस्ता काढतात तेव्हा दोन्ही बाजूंची घरे आडवी पाडतात, दारे रस्त्याकडे आणि छपरे बाहेर. तीही एका परीने स्थानपोथीच होय. ती खोडून टाकण्याची घाई मी करीत नाही. मुलांना गच्चीवर नेतो. तेथून पाण्याची टाकी गोल दिसते, हातगाडी चौकोन होते आणि माणूस म्हणजे एक डोके. येथे प्रथमच 'वर' हा शब्द खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो: नकाशा वरून पाहिलेला असतो. जो शब्द दिशेसाठी वापरू नये तो आपण वापरतो, आणि दृष्टीसाठी जेथे हवा तेथे धड्यात तो सापडत नाही.

अंतर आम्ही पावलांनी मोजतो. दहा पावलांस वहीतील एक चौकोन. गेल्या खेपेस चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या एका मुलीने जिन्याच्या पायऱ्याही पावलांत धरल्या. तिचे घर कागदावर वसाहतीच्या भिंतीबाहेर, रस्त्याच्या मधोमध जाऊन पडले. तिने प्रामाणिकपणे मोजले होते, आणि चढलेले अंतर नकाशात का धरीत नाहीत, हे तिला पटेल अशा शब्दांत मला अद्याप सांगता आलेले नाही.