पाहिले पुष्कळ, मोजले काय?

बालभारतीने २०१८ साली काढलेल्या इयत्ता दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. भूगोल म्हणजे राजधान्या, पिके आणि खनिजे यांची यादी, असे मानण्याची आपल्याकडे सवय. अशा वेळी पुस्तकानेच ‘आधी बाहेर पडा’ असे सांगावे, याचे श्रेय लेखकांना दिलेच पाहिजे. मार्गही विचारपूर्वक निवडलेला आहे. धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गापासून अलिबागपर्यंतच्या वाटेवर पर्जन्यछायेतले पठार, बोरघाट आणि कोकणची किनारपट्टी ही महाराष्ट्राची तीन रूपे ओळीने भेटतात. ज्वारीच्या रानातून भाताच्या खाचरांत आपण केव्हा आलो, हे बसच्या खिडकीतूनही कळावे असा हा प्रवास आहे.

इतके मान्य केल्यावर तक्रार राहते ती अशी, की या पाठात क्षेत्र आहे, भेटही आहे. पण अभ्यास करणाऱ्याचे काम नाही. पाठ प्रवासवर्णनाच्या अंगाने जातो. माहिती पुरवण्याचे काम बहुतांशी शिक्षकांकडे आणि ती ऐकण्याचे मुलांकडे येते. जी गोष्ट वर्गात फळ्यापुढे घडते तीच येथे घाटाच्या पार्श्वभूमीवर घडते. ‘अमुक असे का असेल?’ असा प्रश्न मनात धरून मुले निघालेली नाहीत, त्यामुळे उत्तर शोधण्यासाठी काही मोजण्याची त्यांना गरजही पडत नाही.

स्वाध्यायात ही उणीव अधिक जाणवते. क्षेत्रभेटीची आवश्यकता सांगा, बरोबर कोणते साहित्य न्याल, कचऱ्याची व्यवस्था कशी लावाल, कारखान्यासाठी प्रश्नावली तयार करा. यांतील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर बाकावर बसून लिहिता येते, आणि मार्गदर्शकांत ती तयार छापलेलीही मिळतात. म्हणजे शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल न टाकता बाहेर पडण्याचे महत्त्व पटवून दिले, की पूर्ण गुण! न केलेल्या भेटीचा अहवाल लिहिण्याची सवय लागणे हे तर त्याहून वाईट. जे पाहिले नाही ते ‘पाहिले’ म्हणून लिहायचे नाही, हा विज्ञानाचा पहिला नियम. तो आपण याच पाठात मोडायला शिकवत नाही ना, हे तपासले पाहिजे.

मग क्षेत्रभेटीत काय असावे? एक छोटा प्रश्न, तो सोडवण्यासाठी एखादे मोजमाप आणि त्या मोजमापावरचा थोडा संशय. गावाजवळचा ओढा घेऊ. ‘पावसाळ्यानंतर ओढ्याचे पाणी कमी होते’ हे वाक्य सर्वांना पाठ असते. किती कमी होते, ते मात्र कोणी सांगत नाही. ओढ्याचा सरळ वाहणारा १० मीटरचा टप्पा टेपने आखावा. त्यावर संत्र्याची साल सोडावी आणि ती टप्पा ओलांडायला किती वेळ घेते ते घड्याळावर पाहावे. असे पाच वेळा करून सरासरी काढावी. समजा, ती २५ सेकंद आली. म्हणजे पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर झाला. तळाशी व काठाशी घर्षणामुळे पाणी सावकाश वाहते, म्हणून हा आकडा साधारण ०.८५ ने गुणावा, ०.३४ उरतात. पात्राची रुंदी २ मीटर आणि अनेक ठिकाणी काठी बुडवून काढलेली सरासरी खोली २० सेंटिमीटर असेल, तर छेदाचे क्षेत्रफळ ०.४ चौरस मीटर होते. गुणाकार केला, की सेकंदाला सुमारे १३६ लिटर पाणी वाहते असे दिसते. हाच प्रयोग त्याच जागी श्रावणात, दिवाळीनंतर आणि संक्रांतीला केला, तर ओढा कसा आटत जातो हे मुलांच्या वहीत आकड्यांनी उतरेल. पाणी गुडघ्याच्या खाली असेल तरच उतरायचे आणि ओढ्याला पूर असताना जायचेच नाही, हे पथ्य अर्थातच पाळावे.

टेकडी जवळ असेल तर उताराचा प्रश्न घ्यावा. कोनमापकाच्या मध्याला दोरा व दगड बांधून ओळंबा केला, की उतार मोजण्याचे साधन तयार होते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलनिर्देशक नकाशे पूर्वी शाळांना मिळणे कठीण असे. आता ते इंटरनेटवरून उतरवून घेता येतात. अशा नकाशावर समोच्च रेषांतील अंतर सामान्यतः २० मीटर असते. लगतच्या दोन रेषा नकाशात २ मिलिमीटर अंतरावर असतील, तर जमिनीवर ते अंतर १०० मीटर होते. १०० मीटरला २० मीटर चढ, म्हणजे उतार सुमारे ११ अंश. मुलांच्या ओळंब्याने १७ अंश दाखवले तर? चूक कोणाची? कदाचित कोणाचीच नाही. नकाशा १०० मीटरची सरासरी सांगतो, मुलांनी उभे राहून १० मीटर मोजले. समोच्च रेषा म्हणजे काय, हे समजण्याची याहून चांगली संधी वर्गात मिळणार नाही.

होकायंत्राचेही तसेच. साहित्याच्या यादीत त्याचे नाव लिहून भागत नाही. वडापासून देवळाचा दिशाकोन घ्यावा, मग देवळापासून वडाचा. दोहोंत १८० अंशांचा फरक यायला हवा. आला नाही, तर वाचन चुकले किंवा जवळ लोखंड अथवा मोबाईल होता, हे मुलांनीच शोधावे. मोबाईल हे सर्व क्षणात दाखवतो हे खरे. पण त्या आकड्यावर कितपत विश्वास ठेवावा, हे तो शिकवत नाही.

यावर शिक्षकांचे म्हणणे रास्त आहे: वर्गात साठ मुले, परवानगीची यातायात, बसचा खर्च, जबाबदारी. पण ही अडचण चारशे किलोमीटरांच्या सहलीची आहे. शाळेपासून दहा मिनिटांवरच्या ओढ्याची तितकी नाही. सहा-सहा मुलांचे गट करून, स्थानिक पालकांच्या मदतीने अर्ध्या दिवसात हे काम होऊ शकते.

खरा अडसर परीक्षेचा आहे. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी होणाऱ्या भूगोलाच्या परीक्षेसाठी निदान दोन वेळा क्षेत्रकाम करावेच लागते, आणि विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या त्या कामावर प्रश्नपत्रिकेत प्रश्न येतात. आपल्यालाही प्रश्न बदलता येतील. क्षेत्रभेटीची आवश्यकता विचारण्याऐवजी असे विचारावे: ‘दहा मीटर जायला संत्र्याच्या सालीला २४, २६, २५, ४१ व २४ सेकंद लागले. कोणते वाचन तुम्ही पुन्हा घ्याल व का?’ ज्याने साल गवतात अडकलेली पाहिली आहे, त्याला उत्तरासाठी मार्गदर्शक उघडावा लागणार नाही. पाठ आहे तोच ठेवूनही असा प्रश्न आपल्या घटक चाचणीत घालायला शिक्षकांना कोणाच्या परवानगीची गरज नाही.