स्मारक, गीत आणि मंडई : लाल पर्वानंतरची समीक्षा

१९८९ नंतर पूर्व युरोपातील समीक्षेपुढे जो पेच उभा राहिला तो नव्या कलेचे मूल्यमापन कसे करावे एवढ्यापुरता मर्यादित नव्हता. जुन्या व्यवस्थेत कलाकृतीविषयीचा पहिला प्रश्न ठरलेला असे : ती कोणाच्या बाजूची? अधिकृत समीक्षक तो उघडपणे विचारीत, आणि विरोधी गोटातील रसिकही तोच प्रश्न उलट्या टोकाकडून विचारीत. व्यवस्था कोसळली, सेन्सॉर गेला, परंतु या प्रश्नाने घडविलेली वाचनाची सवय मागे उरली. साम्यवादोत्तर समाजातील समीक्षेचा इतिहास हा बराचसा या सवयीतून सुटण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा निकटतम प्रत्यय मुंबई-पुण्याच्या कलादालनांत येत नाही. तो चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात येतो. १९८० च्या सुमारास तेलंगणातून प्राणहिता ओलांडून आलेल्या सशस्त्र साम्यवादी चळवळीने एटापल्ली, भामरागड, अहेरी, सिरोंचा या भागांतील गावांचे जीवन चार दशकांहून अधिक काळ व्यापले. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत माओवादी पक्षाच्या पॉलिटब्यूरोचा सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. या एका घटनेने पर्व संपले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मात्र त्या पर्वात निर्माण झालेल्या कलारूपांकडे कसे पाहावे, हा प्रश्न आता टाळता येणारा नाही.

अर्थात ही तुलना एका मर्यादेपलीकडे ताणता येत नाही. बुडापेस्ट किंवा प्राग येथे पक्ष हाच राज्यसंस्था होता. गडचिरोलीत तो कधीही राज्यसंस्था झाला नाही. येथे वनखाते, शाळा, निवडणुका आणि पोलीस ठाणे एका बाजूला होते व दलम दुसऱ्या बाजूला. गाव दोन्ही सत्तांच्या मधोमध होते आणि दोन्हींच्या संशयाची झळ त्याने सोसली. म्हणून पूर्व युरोपातील संक्रमण एका सत्तेच्या अस्ताचे होते, तर येथील संक्रमण दोन सत्तांपैकी एकीच्या माघारीचे आहे. जी सत्ता उरते तीच या काळाचा इतिहास लिहिण्याच्या स्थितीत असते. समीक्षेची जबाबदारी त्यामुळे येथे अधिक अवघड होते.

मराठीतील मार्क्सवादी समीक्षेची परंपरा या कामी कितपत उपयोगी पडते? लालजी पेंडसे यांच्या ‘साहित्य आणि समाजजीवन’ (१९३५) पासून शरद पाटील यांच्या ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९८८) पर्यंतच्या या परंपरेने साहित्याचा समाजाशी असलेला संबंध अभ्यासविषय केला, आणि पाटील यांनी तर केवळ वर्गाची कोटी अपुरी असल्याचे दाखवून जातिव्यवस्थेचा विचार सौंदर्यशास्त्रात आणला. परंतु या परंपरेचे मुख्य साधन मुद्रित संहिता हेच राहिले. अरण्यातील चळवळीची कला मुद्रित नाही. ती दगड-सिमेंटात आहे आणि गळ्यात आहे.

प्रथम स्मारकाचा विचार करू. २८ जुलै ते ३ ऑगस्ट हा आठवडा माओवादी ‘शहीद सप्ताह’ म्हणून पाळीत आले. मारल्या गेलेल्या साथीदारांसाठी गावांच्या सीमेवर, रानवाटांवर लाल रंगाचे स्तंभ उभारले गेले. पोलिसांनी ते वेळोवेळी पाडले. वृत्तपत्रांत त्यांची नोंद गुन्ह्याचा मुद्देमाल म्हणून होते, तर चळवळीच्या पत्रकांत क्रांतीचे प्रतीक म्हणून. दोन्ही वर्णने रूपाकडे दुर्लक्ष करतात. याच प्रदेशातील माडिया समाजात मृतांसाठी उभे दगड रोवण्याची परंपरा आहे. महापाषाणीय म्हणून ओळखली जाणारी ही प्रथा भामरागड परिसरात जिवंत राहिली. मृताला शिळेच्या रूपाने गावाच्या भूमीत स्थान देणे हा तिचा गाभा. लाल स्तंभ या जुन्या दृश्यभाषेच्या भूमीवर उभा राहिला, आणि उभा राहताना त्याने तिच्यात मूलगामी बदल केला. शिळा कुळाची असते, स्तंभ पक्षाचा असतो. शिळा मृताला पूर्वजांत सामावून घेते, स्तंभ त्याला हुतात्म्यांच्या यादीत बसवतो. आपल्या मुलाचा शोक आईने कोणत्या रूपात करावा, हे ठरविण्याचा अधिकार येथे कुळाकडून संघटनेकडे गेला. या स्तंभाचे सौंदर्यशास्त्रीय आणि नैतिक विश्लेषण या बिंदूपासून सुरू व्हायला हवे. आणि माओवाद्यांनी खबऱ्या ठरवून मारलेल्या गावकऱ्यासाठी स्तंभ उभा राहिला नाही, ही अनुपस्थितीही त्याच विश्लेषणाचा भाग आहे.

बुडापेस्टने आपल्या साम्यवादी कालखंडातील चाळीसहून अधिक पुतळे व स्मारके शहराबाहेरच्या उद्यानात नेऊन ठेवली. १९९३ मध्ये ते उद्यान खुले झाले. प्रागमध्ये १९९१ साली डेव्हिड चेर्नी या तरुण शिल्पकाराने सोव्हिएत रणगाड्याचे स्मारक गुलाबी रंगाने रंगविले. पहिल्या कृतीने स्मारकाला अवशेष बनवले, दुसरीने त्याचा उपहास केला. दोन्हींत वस्तू शिल्लक राहिली, म्हणून वादही शिल्लक राहिला. पाडलेल्या स्तंभाविषयी असा वाद संभवत नाही. त्याचे छायाचित्र, मोजमाप, त्यावरील अक्षरे आणि गावाची त्याविषयीची आठवण यांची अभ्यासकीय नोंद न होता तो नष्ट झाला, तर पुढील पिढीजवळ केवळ दोन पक्षांची पत्रके उरतील.

दुसरे कलारूप गीताचे. तेलंगणात गद्दर आणि जन नाट्य मंडळी यांनी लोकचालींवर राजकीय गीत बांधण्याची जी पद्धत रूढ केली, ती दंडकारण्यात चेतना नाट्य मंचाच्या रूपाने गोंडी-माडियात आली. रेलाच्या चालीत पक्षाचे शब्द भरले गेले. दुसऱ्या बाजूने शासकीय प्रबोधनाची कलापथकेही लोकचालींचाच आधार घेतात. ‘शुद्ध लोकगीत’ आणि ‘प्रचारगीत’ अशी सरळ विभागणी करणाऱ्या अभ्यासकाची येथे अडचण होते, कारण चाल एकच, गाणारा समूह एकच, आणि पुष्कळदा शब्दही अर्धे जुने असतात. बोरिस ग्रॉइस यांनी १९८८ मध्ये स्टालिनकालीन कलेविषयी मांडलेला सिद्धान्त या ठिकाणी आठवतो : अधिकृत कला ही आवाँ-गार्दच्या नेमकी विरुद्ध नव्हती, जीवनालाच कलाकृतीप्रमाणे घडविण्याची त्याची आकांक्षा तिने सत्तेच्या बळावर पुढे नेली. अरण्यातील गीतासंबंधी याहून वेगळा निष्कर्ष निघतो. येथे आकांक्षा बाहेरून आली, परंतु रूप आतले होते. आणि आतल्या रूपाने बाहेरच्या आशयाला कोठे वाकवले, कोठे झुगारले, हे गीतागीतागणिक तपासावे लागेल. बंदुकीच्या छायेत गायलेल्या गीतात संमती किती आणि धाक किती, हे केवळ संहितेवरून ठरत नाही. त्यासाठी गाणाऱ्यांची साक्ष हवी, आणि ती निर्भयपणे देता येईल अशी परिस्थिती हवी.

पक्ष गेला की बाजार कलेला मुक्त करतो, असा एक समज १९९० नंतर सर्वत्र पसरला. त्याची पारख करण्यासाठी याच जिल्ह्यांत एक विलक्षण उदाहरण आहे : झाडीपट्टी रंगभूमी. धान कापणीनंतर, दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत, मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटके होतात. देसाईगंज म्हणजे वडसा हे तिच्या कंपन्यांचे केंद्र. दंडार, खडीगंमत यांच्याशी नाते सांगणारी ही रंगभूमी पक्षाच्या आदेशावर चालली नाही, आणि अनुदानाची वाटही तिने पाहिली नाही. ती तिकिटावर जगली. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर नागर समीक्षेची नजर तिच्याकडे वळली. परंतु तिकीटबारी स्वातंत्र्य देते तशी सीमाही आखते. प्रेक्षकाची आवड म्हणजे कौटुंबिक अश्रू, विनोद आणि लावणी यांचे प्रमाण. शिवाय ही रंगभूमी भातशेतीच्या पट्ट्यातील मराठीची आहे. पूर्वेकडील डोंगरांतील माडिया भाषेला तिच्यात स्थान नाही. पक्षाच्या आश्रयाने गोंडी गीताला मंच दिला व त्याचे स्वातंत्र्य घेतले; बाजाराने स्वातंत्र्य दिले, पण त्या भाषेला मंच दिला नाही. या दोन विधानांतील ताण हाच या प्रदेशाच्या साम्यवादोत्तर कलाविचाराचा केंद्रबिंदू आहे.

तिसरा मार्ग अपरिचित नाही. १९७९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे पहिले आदिवासी साहित्य संमेलन झाले. दंडकारण्यातील दलम या भागात स्थिरावण्याआधीची ही घटना आहे, हे विसरता येत नाही. विनायक तुमराम यांचा ‘गोंडवन पेटले आहे’ आणि भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’ या संग्रहांनी विद्रोहाचा उच्चार स्वतःच्या नावाने केला. त्यांच्या शीर्षकांतील आग पाहून त्यांना एखाद्या पक्षाच्या खात्यात जमा करणे हे ‘कोणाच्या बाजूची?’ या जुन्या प्रश्नाचेच नवे रूप होय. आदिवासी लेखकाचा क्रोध हा त्याच्या जमिनीच्या, जंगलाच्या व भाषेच्या अनुभवातून येतो. चळवळ येण्यापूर्वी त्याला कारणे होती आणि ती ओसरल्यावरही ती आपोआप नाहीशी होत नाहीत. सुरजागडच्या लोहखनिजाचा प्रश्न त्या कारणांची आठवण करून देण्यास पुरेसा आहे.

गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. स्तंभांची नोंद, गीतांचे गोंडी-माडियातील मूळ पाठ, शरण आलेल्यांच्या व त्यांच्या हातून आप्त गमावलेल्यांच्या साक्षी, हे सारे एकाच अभिलेखागारात शेजारी शेजारी असणे ही समीक्षेची पूर्वअट आहे. असा अभिलेख गौरवासाठी नसतो, तसाच तो आरोपपत्रासाठीही नसतो. पूर्व युरोपातील समाजांना आपल्या कलेविषयी बोलू लागण्यासाठी निदान वस्तू आणि साक्षीदार उपलब्ध होते. येथे साक्षीदार वृद्ध होत आहेत, वस्तू पाडल्या जात आहेत, आणि ज्या भाषेत ही कला घडली ती भाषा जाणणारे समीक्षक मोजके आहेत. मराठी समीक्षेने माडिया भाषा शिकण्याचे कष्ट घेतले नाहीत, तर या काळाविषयी ती जे काही लिहील ते पुन्हा एकदा बाहेरून आलेलेच असेल.