‘निहोन शोकी’तील राजवंशाची दैवी उत्पत्ती : एक चिकित्सा

जपानच्या सम्राटपदाचा उगम ‘कोजिकी’ (इ. स. ७१२) व ‘निहोन शोकी’ (इ. स. ७२०) हे दोन प्राचीन ग्रंथ सांगतात. सूर्यदेवता अमातेरासूचा नातू निनिगी पृथ्वीवर उतरला व त्याच्या वंशातील जिम्मू इ. स. पूर्व ६६० मध्ये पहिला सम्राट झाला, असे ‘निहोन शोकी’चे कथन आहे. ज्यांची ही वंशावळ, त्यांच्याच दरबारात ती लिहिली गेली, हे वाचकांनी प्रथम ध्यानात घ्यावे.

जिम्मूच्या राज्यारोहणास समकालीन पुरावा नाही. साइतामा येथील इनारियामा थडग्यातील तलवारीवर १९७८ साली उजेडात आलेला सुवर्णलेख मात्र बहुतेक अभ्यासक इ. स. ४७१ चा मानतात. त्यात राजास केवळ ‘महाराज’ म्हटले आहे. सूर्यदेवतेचे नावही नाही. ‘तेन्नो’ ही पदवी त्यानंतर, सातव्या शतकाच्या सुमारास रूढ झाली. यामातोचे राजे आधी प्रबळ झाले, देवत्व त्यांना मागाहून लाभले, असाच याचा अर्थ आम्ही लावतो.

ग्रंथाचा उत्तरार्धही हेच सुचवितो. इ. स. ५५२ मध्ये पैक्चेच्या राजाने बुद्धमूर्ती पाठविली, तेव्हा सोगा घराण्याने तिचा स्वीकार केला, मोनोनोबे घराण्याने विरोध केला. हा वाद ५८७ च्या युद्धात मिटला. दरबाराचे भवितव्य देवांनी नव्हे, घराण्यांच्या बळाने ठरविले.

दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात तथागतांनी राजपदाची उत्पत्ती वेगळी सांगितली आहे. लोकांनी आपल्यातूनच एकाची निवड केली व त्यास आपल्या धान्याचा वाटा दिला. म्हणून तो ‘महासंमत’. जन्माने येणाऱ्या श्रेष्ठत्वास येथे थाराच नाही. ही कसोटी जपानी विहारांनी सिंहासनास लावली नाही. ७४१ मध्ये सम्राट शोमूने प्रांतोप्रांती विहार उभारण्याची आज्ञा दिली, ती राज्याच्या रक्षणासाठी. राजाश्रयाचे हे मोल आम्हांस फार मोठे वाटते.

चिकित्सेचे मोल इतिहासकार त्सुदा सोकिची यांनी चुकविले. या कथा दरबाराने रचल्या, असे दाखविणाऱ्या त्यांच्या ग्रंथांवर १९४० मध्ये बंदी आली. १९४२ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. १ जानेवारी १९४६ रोजी सम्राट हिरोहितोंनी स्वतःच आपल्या देवत्वाची कल्पना नाकारली आणि १९४७ मध्ये अमलात आलेल्या संविधानाने सम्राटपद जनतेच्या इच्छेवर आधारले. महासंमताचा आशय तेथे पोहोचला खरा. पण विहारांच्या प्रबोधनातून नव्हे, युद्धातील पराभवानंतर. बौद्धांनी लक्षात ठेवावे ते हेच.