स्वतंत्र तबल्याची पदवी

तबल्याच्या एम.ए.चे मंचप्रदर्शन ऐकताना एक गोष्ट हमखास जाणवते: मुलांकडे माल भरपूर असतो. पेशकार, दिल्लीचा कायदा, अजराड्याचा आडलयीतला कायदा, रेला, फरुखाबादची गत, दोन-चार तुकडे आणि शेवटी चक्रदार. सगळे पाठ असते, पढंतही स्वच्छ असते. पण कायदा रंगू लागतो न लागतो तोच तिहाई येते आणि वादक पुढच्या रचनेकडे वळतो.

या मालाला मी कमी लेखत नाही. एके काळी एका गतीसाठी शागिर्दाने वर्षे काढावीत आणि तरीही ती उस्तादाच्या मुलालाच मिळावी, अशी रीत होती. मुंबईत अमीर हुसेन खाँसाहेबांनी मात्र घराबाहेरच्या शिष्यांना हातचे राखून न ठेवता दिले. त्यांचे शिष्य अरविंद मुळगावकर यांनी ‘तबला’ हा ग्रंथ लिहिला आणि त्या विद्येचा मोठा भाग मराठी वाचकाच्या हाती आला. त्याच परंपरेतल्या आबान मिस्त्री यांनी स्त्री तबलावादक म्हणून एकलवादनाचे मंच गाजवले आणि तबला-पखवाजाच्या घराण्यांवर संशोधनही केले. विद्यापीठांतले तबल्याचे वर्ग याच पायावर उभे आहेत. मुंबई विद्यापीठात किंवा पुण्याच्या ललित कला केंद्रात आज कुणाचाही मुलगा, कुणाचीही मुलगी तबला शिकू शकते, ही साधी गोष्ट नव्हे.

अडचण आहे ती मोजमापाची. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला सत्रात ३० तास मिळतात. चार श्रेयांकांचे १२० तास झाले, आणि तेही वर्गातल्या सगळ्यांत वाटून. एवढ्या वेळात रचना देता येतात, हात देता येत नाही. रचना मोजता येते, तिला गुण देता येतात, ती ताललिपीत लिहून घेता येते. डग्ग्याचा घुमारा कुठे दाबायचा, कुठे मोकळा सोडायचा, हे कुठल्याच लिपीत उतरत नाही. त्यामुळे अभ्यासक्रम जड होतो तो रचनांच्याच बाजूने.

कायद्याचेच पाहा. ‘धाधा तिट धाधा तूना’ हा कायदा प्रत्येक विद्यार्थ्याला येतो. मुखात आलेले बोल सोडून दुसरा बोल घ्यायचा नाही आणि भरी-खालीचा आकृतिबंध मोडायचा नाही, या बंधनात राहून तो वाढवायचा असतो. ऐनवेळी सुचणे ही एकलवादकाची खरी परीक्षा. आपल्याकडे पलटे वहीत लिहून दिले जातात, पाठ होतात आणि त्याच क्रमाने वाजतात. अहमदजान थिरकवा खाँसाहेबांची ध्वनिमुद्रणे ऐकावीत. तिथे रचनांचा भडिमार नाही. परिचित बोलच पुन्हा पुन्हा येतात, पण दर आवर्तनात त्यांचे वजन बदलते. हेच खाँसाहेब बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत वाजवत होते आणि पुढे लखनौच्या भातखंडे संगीत संस्थेत शिकवतही होते. म्हणजे उस्ताद आणि संस्था यांचे जमतच नाही, असे नाही.

त्रितालाबाहेर तर आणखी गंमत आहे. मत्तताल ९ मात्रांचा, रुद्र ११ चा, पंचमसवारी १५ चा. अभ्यासक्रमात असे ताल मोठ्या हौसेने घातलेले असतात. मग त्रितालातला कायदा कातरून नऊ मात्रांत बसवला जातो. हिशेब जुळतो, त्या तालाची स्वतःची चाल मात्र कुठेच दिसत नाही. सुरेश तळवलकरांसारख्या वादकांनी वेगवेगळ्या तालांत एकलवादन केले ते त्या तालात वर्षानुवर्षे राहून. एका सत्रात तीन अप्रचलित ताल, ही निव्वळ हौस झाली.

लेहऱ्याबद्दल तर कुणी बोलतच नाही. सारंगीवरचा लेहरा दुर्मीळ झाला, हार्मोनियमवाले कमी आणि महाग, म्हणून रियाज मोबाइलवरच्या लेहऱ्यावर होतो. यंत्र लय सोडत नाही, वादकाला उत्तरही देत नाही. अशा मुलापुढे मंचावर जिवंत लेहरेदार बसला की तो बावरतो. गायनाचे, हार्मोनियमचे विद्यार्थी त्याच इमारतीत शिकतात. त्यांना लेहरा धरायला शिकवणे कुणाला कठीण आहे?

शिक्षकांचा प्रश्न निराळा. नेट-सेट नसले तरी आकाशवाणीच्या ‘ए’ श्रेणीच्या, पदवीधर कलावंताला सहायक प्राध्यापक होता येते, अशी सोय नियमांत आहे. पण पदेच भरली जात नसतील तर त्या सोयीचे काय करायचे? महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर येणारा तबलजी तास संपला की दुसरीकडे शिकवणीला पळतो. त्याच्याकडून गुरुकुलाची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

अभ्यासमंडळांना एवढेच सांगायचे आहे. एम.ए.च्या शेवटच्या सत्रात एकच ताल ठेवा, मंचावर पूर्ण तास द्या, लेहऱ्याला माणूस बसवा आणि परीक्षकाने तिथेच दिलेल्या कायद्याचा विस्तार करायला सांगा. रचनांची यादी हवी असेल तर ती लेखी पेपरात मागा.