मेंढपाळाचा दिवस आणि शफलचं बटण

‘काहीतरी शांत सुचव ना, अभ्यास करताना लावायला.’ असा मेसेज आला की मी वर्षानुवर्षं एकच नाव पाठवत आलोय : ‘कॉल ऑफ द व्हॅली’. त्यावर येणारं उत्तरही ठरलेलं : ‘मस्त आहे, झोप लागली.’ मागच्या महिन्यात एका मैत्रिणीकडून हेच उत्तर आलं आणि मला राग आला. तिचा नाही, स्वतःचाच. कॉलेजात असताना मीही हा अल्बम पंख्याच्या आवाजासारखाच वापरला होता. तोही शफलवर.

१९६७ची ही रेकॉर्ड. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा एक दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत, अशी कल्पना. ती रेकॉर्ड करवून घेतली एचएमव्हीच्या जी. एन. जोशींनी. म्हणजे ‘रानारानांत गेली बाई शीळ’ गाणारे तेच जोशी. रानातली शीळ गाणाऱ्या माणसाने पुढे मेंढपाळाची बासरी रेकॉर्ड करावी, हे मला उगाचच फार आवडतं.

मूळ रेकॉर्डवर पाचच तुकडे : अहीर भैरव-नट भैरव, पिलू, भूप, देस, पहाडी. साधारण चाळीस मिनिटं. शफलवर मेंढपाळ आधी झोपतो आणि मग सकाळी मेंढ्या घेऊन निघतो, हा विनोद सोडा. खरं नुकसान वेगळंच आहे. भूप म्हणजे सा रे ग प ध, पाच स्वर, मध्यम-निषाद नाहीत. पहाडीचा पायाही जवळपास त्याच पाच स्वरांचा, फक्त बाकीचे स्वर मधूनच डोकावून जातात. इथे संध्याकाळचा भूप झपतालात, दहा मात्रांच्या चौकटीत नीट बसलेला आहे. मग मध्ये देस येतो. आणि त्यानंतरच्या पहाडीत ओळखीचेच स्वर सैल होऊन भेटतात, घरी आल्यावर चप्पल काढावी तसे. रागांची नावं माहीत नसली तरी हे कानाला कळतं. पण क्रमाने ऐकलं तरच. काही डिजिटल आवृत्त्यांत पहाडीनंतर आणखी तुकडे जोडलेत. तिथे सरळ थांबा. दिवस संपलाय.

झोप लागते यात अल्बमचाही दोष आहेच. या दिवसात एकही मेंढी हरवत नाही. पाऊस गाठत नाही, कुणाचं भांडण होत नाही. काश्मीर म्हणजे निव्वळ देखणं, शहरातल्या माणसाने भिंतीवर लावलेल्या कॅलेंडरमधलं. पिलू तर मला आता जरा जास्तच गोड वाटतो. जिथे अडखळावं अशी जागाच ठेवलेली नाही, म्हणून तो पार्श्वसंगीत व्हायला इतक्या सहज तयार होतो.

म्हणून आता मी त्याच्यासोबत दुसरी रेकॉर्ड पाठवतो : किशोरी आमोणकरांचा भूप. आधी विलंबित ‘प्रथम सुर साधे’, मग ‘सहेला रे’. स्वर तेच पाच. पण इथे एकेका स्वरावर जाताना त्या इतका विचार करतात की आपण पुस्तक मिटतो. गंधार कळेपर्यंत पुढे सोडतच नाहीत. बहुतेक जण थेट ‘सहेला रे’वर उडी मारतात, मीही मारायचो. विलंबित ऐकून त्यात शिरलं की मात्र ते गाणं ‘छान चाल’ उरत नाही. इतका वेळ धरून ठेवलेलं काहीतरी तिथे सुटतं.

हे दोन झाल्यावर कुणी तिसरं मागितलंच, तर खळे-लतांचं ‘अभंग तुकयाचे’. त्यावर कधीतरी वेगळं लिहायला हवं.

मैत्रिणीला काल पुन्हा लिंक पाठवली. खाली लिहिलं : ‘शफल बंद. अभ्यास नंतर.’ अजून दोन निळ्या खुणा तेवढ्या दिसतायत.