थिजलेलें शरीर आणि आपला न्याय

अमेरिकन शास्त्रज्ञ स्टीफन पोर्जेस यांचा ‘द पॉलीव्हेगल थिअरी’ हा २०११ सालचा ग्रंथ आम्हीं नुकताच वाचिला. संकटांत प्राणी लढतो किंवा पळतो, ही कल्पना वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ सालींच मांडिली होती. पोर्जेस तिच्यापुढें जातात. दोन्ही मार्ग खुंटले म्हणजे शरीर थिजतें, वाचा बसते. उलट आश्वासक स्वर कानीं पडतांच मनुष्य पुन्हां माणसांत येतो. या फेरफारांचीं सूत्रें ते मुख्यतः व्हेगस नामक मज्जातंतूच्या हातीं देतात.

त्यांची उत्क्रांतीविषयक उपपत्ति मात्र आम्हांस मान्य नाहीं. हृदयाकडे जाणारे व्हेगसचे वेष्टणयुक्त तंतू ते सस्तन प्राण्यांचा विशेष मानितात. पण २०१८ सालीं तसे तंतू फुप्फुसमाशांतहि दाखविण्यांत आले.

तथापि थिजण्याचें निरीक्षण खोटें ठरत नाहीं. भयानें होणारा ‘स्तंभ’ भरतमुनींनीं आठ सात्त्विक भावांत गणिला आहे. रंगभूमीवर आपण तो ओळखतों. न्याय करतांना विसरतों. महाराष्ट्रांतील एका पोलीस-ठाण्यांत झालेल्या बलात्काराच्या खटल्यांत, मुलीच्या अंगावर जखमा नाहींत हें संमतीचें गमक मानून, सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं दोघां पोलिसांस निर्दोष सोडिलें. लोकक्षोभ उसळला, १९८३ सालीं कायदा बदलला. आपली जीभ मात्र बदलली नाहीं. ‘ती ओरडली कां नाहीं?’ हा प्रश्न सुशिक्षित घरांतूनहि ऐकूं येतो. त्याचें उत्तर या ग्रंथांत आहे. एवढ्याचसाठीं, त्यांतील दोष जाणूनहि, वाचकांनीं तो वाचावा, असें आम्हांस वाटतें.