सामन्यासाठीं प्रवास

दसरा उलटला, रब्बीच्या ज्वारीचे कोंब वर दिसूं लागले आणि पेठेंत दिवाळीची खरेदी सुरू झाली, कीं आमच्या बार्शींतील सुखवस्तु घरांतून एक प्रश्न हमखास निघतो : यंदा कोठें जावयाचें ? उत्तरेंही बहुधा ठरलेलीं असतात. तुळजापूर-अक्कलकोट-गाणगापूर, नाहीं तर कोंकण, नाहीं तर पुण्यास मुलाकडे. यंदा आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं मात्र निराळें उत्तर आलें. अमेरिकेंत मिशिगन राज्यांत राहणाऱ्या त्यांच्या कन्येनें आईवडिलांस बोलाविलें असून, तिनें पाठविलेला दहा दिवसांचा आराखडा महाविद्यालयीन फुटबॉलच्या एका सामन्याभोंवतीं रचलेला आहे. स्नेह्यांनीं तो कागद आमच्या हातीं ठेवला व म्हटलें, "तुम्ही पुस्तकांचीं परीक्षणें करतां, आतां याचें करा." त्यांनीं विनोदानें सांगितलेलें काम आम्ही गंभीरपणें अंगावर घेत आहों, कारण कागद वाचतां वाचतां मराठी प्रवासवर्णनांविषयींची आमची एक जुनी तक्रार पुन्हा जागी झाली.

प्रथम हा खेळ काय आहे तें सांगणें अवश्य आहे. नांव फुटबॉल असलें तरी चेंडू पायांपेक्षां हातांतच अधिक असतो. चेंडू घेऊन चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें जावयाचें, आणि प्रतिपक्षानें अंगावर झेंप घेऊन तो जाणारा गडी खालीं पाडावयाचा. आपल्या हुतूतूचा दम व तालमींतली झोंबी यांचें कोणी मिश्रण केलें तर जसें दिसेल तसें हें दिसतें. महाविद्यालयांमधला पहिला सामना म्हणून रटगर्स व प्रिन्स्टन यांच्यांतील १८६९ च्या नोव्हेंबरांतील सामन्याकडे बोट दाखवितात. तेव्हांपासून हा खेळ तेथील शरद ऋतूशीं इतका निगडित झाला आहे कीं, शनिवार, पिकलेलीं पानें व सामना हीं तिन्ही एका दमांत उच्चारलीं जातात. अ‍ॅन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठाचें क्रीडांगण १९२७ सालीं उघडलें. आज त्याची आसनसंख्या १,०७,६०१ आहे. २०११ च्या शिरगणतींत बार्शी शहराची वस्ती सव्वा लाखाच्या आंतच होती. म्हणजे भगवंत मंदिरापासून स्टेशनापर्यंतचें आमचें बहुतेक गांव त्या एका वाडग्यांत बसेल ! आणि गंमत अशी कीं, खुद्द अ‍ॅन आर्बरची वस्तीही साधारण तेवढीच आहे. अर्थात् प्रेक्षक गांवाबाहेरचे असतात. जुने विद्यार्थी, त्यांचीं मुलें, त्यांचे वृद्ध मातापिते शेंकडों मैलांवरून मोटारींतून येतात, क्रीडांगणाबाहेर मोटारींचीं मागचीं दारें उघडून शिदोऱ्या सोडतात, व ओळखदेख नसलेल्या शेजाऱ्यास घास देतात.

आतां आराखडा. आराखडा हीही एक रचनाच आहे, आणि रचनेस जें एक केंद्र लागतें तें कन्येनें उत्तम निवडलें आहे. दहा स्थळें दहा दिवसांत उरकण्याची जी रीत आमच्याकडील सहलींच्या जाहिरातींनीं रूढ केली, तिच्यांत केंद्रच नसतें. सातव्या दिवशीं पाहिलेला धबधबा चौथ्या दिवशीं पाहिला असता तरी कांहीं बिघडलें नसतें. येथें तसें नाहीं. गुरुवारीं विश्रांति, शुक्रवारीं रंगलेलीं वनें पाहात संथ मोटारप्रवास, शनिवारीं सामना, रविवारीं कांहीं नाहीं. हें रविवारचें "कांहीं नाहीं" आम्हांस फार आवडलें. ज्यास ताण कळतो त्यासच विश्राम कोठें द्यावा हें कळतें. व्यवहारही तिनें नीट पाहिला आहे. सामन्याच्या आठवड्यांत खोल्यांचीं भाडीं चढतात, पुष्कळ ठिकाणीं दोन रात्रींखालीं खोली देतच नाहींत. म्हणून तिनें पन्नास मैलांवर उतरण्याची सोय केली आहे.

पण शनिवारच्या रकान्यांत सामन्याच्या वेळेची जागा कोरी आहे. ही तिची हयगय नव्हे. तिथि कित्येक महिने आधीं जाहीर होते. पण पुष्कळ सामन्यांचा तास दूरचित्रवाणीच्या कंपन्या बारा दिवस, कधीं तर सहाच दिवस आधीं ठरवितात. दुपारीं बारा कीं सायंकाळीं साडेसात, तें लाख माणसांना आठवडाभर आधींही ठाऊक नसतें. आमचे स्नेही हें वाचून म्हणाले, "तिथि ठरली, मुहूर्त नाहीं. असें लग्न आमच्याकडे कोणी ठरवील काय ?" आम्हांस वाटतें, ठरवणार नाहीं, पण वरातीचे मालक निराळे व वऱ्हाडी निराळे असले म्हणजे असेंच व्हावयाचें.

एका दिवसाभोंवतीं प्रवास बांधणें हें मराठी माणसास नवीन नाहीं. उलट आमच्या गांवाचें तर नांवच, परंपरेप्रमाणें, तिथीवरून पडलें. अंबरीष राजाच्या द्वादशीव्रताची कथा येथें सांगतात, आणि एकादशी पंढरपुरास, बारस बार्शीस, हा क्रम आमच्या आजोबांच्या पिढीस तोंडपाठ होता. कार्तिकी ही तरी शरदांतलीच यात्रा ना ? जत्रेच्या गांवीं देवदर्शनाइतकीच कुस्त्यांच्या फडाची ओढ असे, व शाहू महाराजांनीं १९१२ सालीं कोल्हापुरास खासबागेचें मैदान उभें केल्यावर तर केवळ कुस्तीसाठीं तिकीट काढणारेही निघाले. आमची बार्शी लाईट रेल्वे ही याच ओढीवर पोसली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनियरानें अडीच फूट रुंदीचा हा रूळमार्ग १८९७ सालीं बार्शीपासून हल्लींच्या कुर्डुवाडीपर्यंत चालू केला. हा गृहस्थ पुढें हवाई छत्र्या बनविण्याच्या नादीं लागला, हें जातां जातां सांगावयास हरकत नाहीं. १९०६ मध्यें गाडी पंढरपुरास पोंचली, १९११ मध्यें लातुरास, आणि १९२७ मध्यें, म्हणजे अ‍ॅन आर्बरचें तें क्रीडांगण उघडलें त्याच वर्षीं, मिरजेस. मिरजेहून कोल्हापूर जवळच. १९५४ सालीं ती सरकारनें विकत घेतली व या शतकाच्या पहिल्या दशकांत तो अरुंद मार्गही रुंद झाला. आज ती गाडी म्हाताऱ्यांच्या बोलण्यांतच धांवते.

याच गाडीनें कुर्डुवाडीस उतरून, मोठी गाडी धरून, मुंबईस क्रिकेटचे सामने पाहावयास जाणारे शौकीन सोलापूर जिल्ह्यांत कमी नव्हते. बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरांत होणाऱ्या त्या चौरंगी व १९३७ पासून पंचरंगी सामन्यांचें वेड आज कोणास सांगून पटणार नाहीं. पण या वेडाचा हिशेब मांडतांना एक गोष्ट झांकून चालणार नाहीं. ते संघ धर्मावर उभारलेले होते. पारशी, हिंदु, मुसलमान, युरोपियन, आणि जे कोठेंच बसत नाहींत ते "बाकीचे". १९३७ सालीं ब्रेबोर्न क्रीडांगणावर हिंदूंचा संघ उतरलाच नाहीं, आणि त्याचें कारण खेळांतलें नसून जागांच्या वांटपाचें होतें. १९४० च्या डिसेंबरांत गांधीजींनीं या सामन्यांविषयीं उघड नापसंति दर्शविली. तरी १९४६ पर्यंत ते चाललेच. १९४३ च्या अंतिम सामन्यांत "बाकीच्यां"च्या दुसऱ्या डावांतील ३८७ धांवांपैकीं ३०९ एकट्या विजय हजाऱ्यांच्या होत्या. हजारे सांगलीचे. मिरजेच्या गाडीनें मनांत आणलें तर त्यांच्या गांवाच्या उंबऱ्याशीं पोंचणारा बार्शीकर, मुंबईस जाऊन त्यांच्या विरुद्ध ओरडत असेल, केवळ ते ख्रिस्ती म्हणून ! आणि बाळू पालवणकर ? १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत शंभरावर बळी घेणारा हा चांभाराचा मुलगा हिंदूंचा सर्वोत्तम गोलंदाज होता. पुण्यास त्याला चहा मात्र वेगळ्या भांड्यांत बाहेर मिळे. कर्णधारपद त्याला कधींच मिळालें नाहीं. तें १९२३ मध्यें त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, मिळालें.

आमची तक्रार येथूनच सुरू होते. या सर्वांचा जो विस्तृत वृत्तांत आमच्या वाचनांत आला तो इंग्रजींत आला : रामचंद्र गुहा यांचा ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ हा २००२ चा ग्रंथ. प्रेक्षक मराठी, खेळाडू पुष्कळसे मराठी, गाडीचे डबे मराठी बोलण्यानें भरलेले; आणि त्या डब्यांतलें एकही प्रवासवर्णन आमच्या कपाटांत नाहीं. आमचे प्रवासलेखक डोळस नव्हते असें कोण म्हणेल ? अमेरिकेवरील आमच्या अगदीं आरंभींच्या पुस्तकांपैकीं एक, पंडिता रमाबाईंचें ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ (१८८९), हें आजही आम्ही वरच्या फळीवर ठेवतों, कारण बाईंनीं इमारती न पाहतां लोकव्यवहार पाहिला. शाळा, संस्था, घरें व त्यांतील स्त्रिया पाहिल्या. पुढें अनंत काणेकरांनीं ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) मध्यें राजकीय कुतूहल आणलें, गंगाधर गाडगिळांनीं ‘साता समुद्रापलीकडे’ (१९५९) मध्यें स्वतःकडे हंसण्याची रीत आणली, आणि पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’नें (१९६०) ती घरोघर नेली. पण या थोर परंपरेचा वारसा सांगणारे मागाहूनचे लेखक विमानतळ, वस्तुसंग्रहालय व भोजन या त्रिकोणांतच फिरत राहिले. गर्दी ही त्यांना अडचण वाटते. गर्दीच पाहावयाची वस्तु आहे, हें फारच थोड्यांस सुचलें.

दुसरीकडे खेळाचे लेखक. बाळ ज. पंडितांनीं आकाशवाणीवर क्रिकेटचें धांवतें वर्णन मराठींत रुळविलें, वि. वि. करमरकरांनीं वृत्तपत्रांतील क्रीडापृष्ठास स्वतंत्र प्रतिष्ठा दिली. हे उपकार लहान नव्हेत. परंतु वर्तमानपत्री निबंधास धांवफलकाचा मोह सुटत नाहीं, व धांवफलक दुसऱ्या दिवशीं शिळा होतो. या दोन कुळांचा संगम करण्याचा खरा यत्न द्वारकानाथ संझगिरी यांनीं केला. २०२५ सालीं ते निवर्तले. क्रिकेट, देशाटन व हिंदी चित्रपटांचीं गाणीं यांची त्यांची मिसळ वाचकांस मनापासून आवडली, आणि सामन्यासाठीं प्रवास करणें ही एक सुसंस्कृत हौस आहे असें मराठी मध्यमवर्गास त्यांनीं पटविलें. त्यांच्या उपमा एकमेकींच्या पायांत येतात, हा दोष आम्हांस दिसतो. पण मैदानापासून खाणावळीपर्यंतचा रस्ता त्यांनीं लिहिण्याजोगा मानला, हें ऋण त्याहून मोठें आहे. तथापि त्यांचा प्रवासीही बहुतेक एकटा पुरुष आहे. बायको-मुलें, म्हातारी आई, डबा, गुडघेदुखी हीं बरोबर घेऊन सामन्यास निघालेलें कुटुंब अजून लिहावयाचें राहिलें आहे.

हें आम्ही स्नेह्यांस सांगत होतों तेव्हां त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या व तेथेंच उभ्या राहिल्या. त्यांनीं कागद मागितला. तो त्यांनीं पूर्वीं वाचला होताच, पण आम्हांस एक ओळ दाखवावयाची होती. शनिवारच्या रकान्यांत लिहिलें होतें : "बाबा व हे – सामना. आई – माझ्याबरोबर बाजार." आम्ही दोनदां वाचूनही ही ओळ आमच्या डोळ्यांस लागली नव्हती, परीक्षणाचा आव आणणाऱ्यास ही शरमेचीच गोष्ट.

बाई म्हणाल्या, "रेडिओवर पंडितांचें वर्णन ऐकत मी स्वयंपाक केला. हे कचेरींत असत, धांवा मी लिहून ठेवी. संध्याकाळीं आल्यावर कागद मागत. आतां एवढ्या लांब जायचें आणि मी दुकानांत उभी राहायचें ?"

स्नेही गप्प बसले. तिकीट महाग आहे, उन्हांत-थंडींत चार तास बसावें लागेल, खेळ कळणार नाहीं, हीं सर्व कारणें त्यांच्या तोंडापर्यंत येऊन परत गेलेलीं आम्हीं पाहिलीं. खेळ त्यांना तरी कोठें कळत होता ?

त्याच रात्रीं कन्येस दूरध्वनि झाला. आम्ही तेथें नव्हतों. पण दुसऱ्या दिवशीं जें कळलें त्यावरून संभाषण बरेंच लांबलें असावें. "अगं आई, तुला आवडेल असें मला वाटलेंच नाहीं," हें वाक्य स्नेह्यांनीं आम्हांस तीनदां सांगितलें. शेवटीं ठरलें तें असें : तिकिटें चार, जागा थोड्या वरच्या, म्हणजे स्वस्त, बाजार सोमवारीं. त्यावर बाईंनीं आणखी एक दुरुस्ती सुचविली. मूळ आराखड्यांत "जेवण – क्रीडांगणांत" असें होतें. तेथील अशा क्रीडांगणांत बहुधा पारदर्शक पिशवीच आंत नेऊं देतात आणि घरचें खाणें बाहेरच राहतें, हें कन्येनें सांगतांच बाई म्हणाल्या कीं, मग गाडीचें मागचें दार उघडून सगळे खातात तेथेंच आपणही खावें. कडक भाकरी आठ दिवस टिकते, शेंगदाण्याची चटणी महिनाभर. आणि शेजारच्या गाडीला द्यावयास पुरेल एवढी बरोबर नेली पाहिजे.

सुधारलेला आराखडा काल आमच्याकडे पुन्हा आला आहे. तो पहिल्याहून सरस आहे, असें आमचें मत स्नेह्यांस कळविलें. शनिवारच्या रकान्यांत आतां चार नांवें आहेत, खालीं "भाकरी-चटणी, वाहनतळावर" असें आहे, आणि वेळेची जागा अजून कोरीच आहे.